दप्तर विसरल्याचे पेढे

मराठीच्या प्राध्यापकाला शेजारीपाजारी कोणत्या कामासाठी हाक मारतील याचा नेम नसतो. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासून द्या, सोसायटीच्या फळ्यावर पाण्याच्या वेळेची सूचना शुद्ध मराठीत लिहा, नातवासाठी 'श'वरून नाव सुचवा, असल्या कामांना मी आता सरावलो आहे. म्हणून अडीच वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यातल्या एका संध्याकाळी समोरच्या बिऱ्हाडातल्या काकू एक छापील अर्ज घेऊन आल्या, तेव्हा मी नेहमीप्रमाणे चष्मा पुसून तयार झालो.

"सर, सगळा अर्ज भरून झालाय. एवढा एकच रकाना अडलाय," त्या म्हणाल्या.

रकाना होता 'मुलाशी नाते'.

"त्यात काय अडायचं? आजी लिहा," मी म्हणालो.

"आजी कुठं आहे मी तिची? तिच्या आईची लांबची मावशी. ती मला आजी म्हणते, ते तिचं तिनं ठरवलंय. पण अर्जावर खोटं कसं लिहू?"

'ती' म्हणजे महिन्यापूर्वी काकूंकडे आलेली साडेतीन वर्षांची मुलगी. तिचे नाव मी सांगणार नाही. अशा मुलांची ओळख उघड करू नये असा कायद्याचाच दंडक आहे आणि तो योग्य आहे. इतर तपशीलही मी मुद्दाम थोडे इकडेतिकडे केले आहेत. आपण तिला छोटी म्हणू. छोटीचे वडील घर सोडून गेलेले. आई एका चिवट दुखण्याच्या लांबलचक उपचारांत अडकलेली. वर्षभरात छोटीने तीन घरे पाहिली होती: मामाचे, आईच्या मैत्रिणीचे आणि थोडे दिवस एका शिशुगृहाचे. अखेर बाल कल्याण समितीने चौकशी करून, घर पाहून, रीतसर आदेश काढून तिला काकूंच्या हवाली केले. हे दत्तक नव्हे. आई बरी झाली की छोटीने आईकडे परत जायचे, हे पहिल्या दिवसापासून सर्वांना ठाऊक होते. साठीला टेकलेल्या काका-काकूंनी हे कशाला अंगावर घेतले, याची आमच्या इमारतीत पुष्कळ चर्चा झाली. चर्चा करणाऱ्यांत मीही होतो, हे येथेच कबूल करून टाकतो.

"मग 'पालक' लिहा," मी म्हणालो.

"पालक म्हणजे आईबाप ना?"

आता विषय माझ्या हद्दीत आला होता. मी काकूंना सांगितले की, जन्म देते ती जननी आणि जन्म देतो तो जनक. पालक म्हणजे पालन करणारा, राखणारा. राजाला प्रजेचा पालक म्हणत, ते काही त्याने प्रजेला जन्म दिला म्हणून नव्हे. शाळांनी पालकसभा सुरू केल्या आणि आपण तो शब्द आईबापांच्या नावावर करून टाकला. संगोपन हा शब्दही तसाच. त्यातल्या 'गोपन'चा अर्थ राखणे, जपणे. जन्माशी त्याचा संबंध नाही. आपल्या भाषेने काकूंसाठी जागा केव्हाच करून ठेवली होती.

माझे व्याख्यान रंगात आले असता समोरच्या उघड्या दारातून काका ओरडले, "पालक नाही मिळाला. मेथी आणलीय!"

त्यावर आम्ही हसलो आणि काकूंनी रकान्यात 'पालक' असे ठसठशीत अक्षरांत लिहिले.

तो अर्ज घेऊन त्या ज्या शाळेत गेल्या, तिचे नाव सांगण्यात अर्थ नाही. अशा शाळा गावोगाव आहेत. तेथे आईवडील दोघांची मुलाखत व्हायची होती. शिवाय 'माझे कुटुंब' या तक्त्यासाठी आईवडिलांसह मुलाचा फोटो हवा होता. कचेरीतल्या बाई फार गोड बोलल्या. पण "हे आमच्या फॉर्ममध्ये बसत नाही हो," असे म्हणून त्यांनी हात जोडले. काकू उतरलेल्या चेहऱ्याने परतल्या.

आणि मग मी माझे शहाणपण पाजळले. "काकू, साडेतीन वर्षांच्या पोरीचं असं काय शिकायचं राहून जातंय? आधी तिला घरात रुळू द्या. शाळा सहाव्या वर्षी आहेच." एम. ए. झालेल्या माणसाच्या आवाजात एक खात्री असते. ती विषय ठाऊक नसतानाही तशीच राहते. काकूंनी माझे शांतपणे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी मागल्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या बालवाडीत जाऊन छोटीचे नाव घातले. तेथल्या ताईंनी अर्ज वाचला, 'पालक' या शब्दावरून नजर फिरवली आणि एवढेच विचारले, "हिला झोप कशी लागते? आणि कशाला घाबरते?"

काकूंचे गुडघे दुखत आणि माझे तास दुपारचे. म्हणून जूनपासून आठवड्यातले दोन-तीन दिवस छोटीला बालवाडीत पोचवण्याचे काम माझ्याकडे आले. त्यामुळे पुढचे मी ऐकीव सांगत नाही.

बालवाडीत भिंतीला हाताला येतील अशा खुंट्या होत्या. मुलांना अक्षरे येत नाहीत म्हणून प्रत्येक खुंटीवर एक चित्र: मासा, आंबा, बैलगाडी. छोटीची खुंटी छत्रीची. आल्याबरोबर दप्तर खुंटीला अडकवायचे, चपला ओळीने ठेवायच्या आणि आत जायचे, असा शिरस्ता. छोटीने चपला काढल्या. दप्तर काढीना. तिचे ते निळे, मळकट दप्तर पाठीवर घेऊनच ती गाण्यांना बसली. दप्तर पाठीवर घेऊनच वाळूत खेळली. डबा खातानाही ते पाठीवर आणि तोंड दाराकडे. दुसऱ्या दिवशी तेच, दुसऱ्या आठवड्यातही तेच. इतर मुले हसली, तेव्हा ताईंनी फक्त इतकेच सांगितले, "तिला ते पाठीवर आवडतं," आणि गोष्ट पुढे सुरू केली.

तीन आठवड्यांनी माझ्यातला मास्तर गप्प बसेना. "ताई, अजून हिला एक रंग ओळखता येत नाही. निदान ते दप्तर तरी काढायला लावा."

ताई म्हणाल्या, "सर, आजवर ती ज्या ज्या घरातून निघाली, त्या त्या वेळी कुणीतरी तिच्या पाठीवर हे दप्तर चढवलंय. ते पाठीवर असलं की ती निघायला तयार असते. मी कसं काढू ते? तिचं तीच काढेल."

"आणि तोवर ती शिकणार काय?"

"शिकतेय की. मी रोज इथं असते का नाही, ते शिकतेय."

मी निमूटपणे घरी आलो. पण त्यानंतर मी ताईंकडे जरा लक्ष देऊन पाहू लागलो. त्या रोज त्याच दारात, त्याच जागी उभ्या असत. "आधी गाणी, मग डबा, मग वाळू, मग आजी," असा दिवसाचा क्रम त्या छोटीला रोज बोटांवर मोजून दाखवीत आणि तो कधी मोडू देत नसत. एकदा त्यांना भाचीच्या लग्नाला दोन दिवस जायचे होते. ते त्यांनी छोटीला तीन दिवस आधीपासून सांगितले आणि जाताना खडूंचा डबा तिच्या हातात देऊन म्हणाल्या, "हा सांभाळ. परवा आले की मला लागेल." परवा त्या आल्या आणि छोटीने डबा परत दिला. हा व्यवहार कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेला नाही.

ऑगस्टात एका सकाळी मोठी सर आली. आम्ही दोघेही भिजलो आणि दप्तर निथळू लागले. छोटीने ते काढले, क्षणभर हातात धरले आणि छत्रीच्या खुंटीला वाळत घातले. ताईंनी पाहून न पाहिल्यासारखे केले. मीही मोठ्या कष्टाने तसेच केले. त्या दिवसापासून दप्तर खुंटीवर राहू लागले. मग रंग आले, आकडे आले, गाणी आली आणि महिन्याभरात तिच्या बोलण्याने काकूंना दुपारची झोप मिळेनाशी झाली.

मास्तर माणसाची एक खोड असते. डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट पुस्तकात सापडल्याखेरीज त्याला खरी वाटत नाही. तेव्हा मी वाचू लागलो. माझ्या लक्षात आले की ताईंना जे सहज ठाऊक होते, ते जगाला मोठी किंमत देऊन शिकावे लागले आहे.

दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बाँब पडत होते. तेथे १९४१ साली अॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या दोघींनी घरांपासून तुटलेल्या लहान मुलांसाठी हॅम्पस्टेड भागात निवासी बालगृहे उघडली. खाणे, स्वच्छता, खेळणी कशाचीही वाण नव्हती. प्रारंभी सर्व परिचारिका सर्व मुलांचे सारे काही करीत. तरी मुले फुलेनात. मग त्यांनी मुलांच्या लहान लहान तुकड्या पाडल्या आणि प्रत्येक तुकडीला एकच ठरलेली बाई दिली. पहिले काही दिवस रडारड, मत्सर आणि ओढाताण यांनी घर दणाणून गेले. त्यानंतर मात्र मुले स्थिरावली, आणि रखडलेले बोलणे व इतर सवयी झपाट्याने पुढे सरकल्या. खाऊ तोच आणि खेळणी तीच होती. बदलले होते ते एवढेच की, 'माझी' म्हणता येईल असे एक माणूस आता प्रत्येकाला होते.

दुसरी हकीकत रुमानियाची. तेथील हुकूमशहा चाउशेस्कूची राजवट १९८९ साली कोसळली, तेव्हा एक लाखाहून अधिक मुले सरकारी अनाथालयांत आढळली. पाळण्यांच्या रांगा, आणि पाळीपाळीने बदलणाऱ्या दाया. पुढे नवे शतक उजाडताना बुखारेस्टमध्ये अमेरिकन संशोधकांनी सहा महिने ते अडीच वर्षे या वयाची १३६ मुले निवडली. चिठ्ठ्या टाकून त्यांतील निम्म्यांना संगोपनासाठी कुटुंबांत ठेवले. अशी कुटुंबे तेथे जवळजवळ नव्हतीच. ती शोधून, शिकवून तयार करावी लागली. त्यांचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. कुटुंबांत गेलेल्या मुलांची बुद्धीची वाढ संस्थेत राहिलेल्यांपेक्षा लक्षात येण्याजोगी चांगली होती आणि दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांचा फायदा सर्वांत अधिक होता. ज्याला आपण 'नुसते रुळणे' म्हणतो, ते मुलाच्या बुद्धीचेच खाद्य असते, असा याचा सरळ अर्थ. आधी रुळू द्या आणि मग शिकवा, हा माझा सल्ला म्हणूनच चुकीचा होता. या वयात ही दोन कामे वेगळी नसतात.

पण एवढ्यासाठी लंडन आणि बुखारेस्ट कशाला? आपल्याच तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्या जोडीला होत्या. आदिवासी मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी बालवाडीच उचलून पाड्यावरच्या अंगणात नेली. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे आणखी एक अडचण पुढे आली. मोठी बहीण शाळेत येईना, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड होते. यावर ताराबाईंनी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी आणल्या आणि तिला विकासवाडी म्हटले. कडेवरचे भावंड कडेवरच राहिले आणि शाळाही झाली. मुलाला आपल्या चौकटीत बसवण्यापेक्षा आपली चौकट मुलाभोवती बसवावी, हे त्या दोघींनी करून दाखवले. देशभर १९७५पासून ज्या अंगणवाड्या उघडल्या, त्यांच्या नावात ते अंगण अजून आहे.

कायद्याचे म्हणाल तर, २०१५च्या बाल न्याय कायद्यात संगोपनासाठी मूल घेणाऱ्या कुटुंबावर त्याच्या आरोग्याची, पोषणाची आणि शिक्षणाची जबाबदारी टाकली आहे. भावंडांना शक्यतो एकत्रच ठेवावे आणि समितीने दरमहा घर पाहावे, असेही त्यात आहे. आपल्या राज्याची बालसंगोपन योजना सावित्रीबाई फुल्यांच्या नावाने चालते आणि आजीकडे, मावशीकडे वाढणाऱ्या कितीतरी मुलांना तिचा आधार आहे. पण गंमत अशी की, सक्तीच्या शिक्षणाचा २००९चा कायदा सहाव्या वर्षापासून सुरू होतो. त्याआधीच्या वयासाठी घटनेत सरकारने प्रयत्न करावा एवढेच म्हटले आहे. ज्या वयात अशा मुलाला बालवाडीची सर्वांत जास्त गरज, त्याच वयात ती कुणाच्या तरी चांगुलपणावर सोडलेली. इंग्लंडमध्ये २०१३पासून अशा मुलाला दुसऱ्या वर्षापासूनच आठवड्याला १५ तासांचे बालशिक्षण विनामूल्य मिळते. अमेरिकेत अशा मुलांना हेड स्टार्ट या सरकारी बालशाळांमध्ये घरच्या उत्पन्नाची अट नाही. तेथील २०१५च्या कायद्याने तर आणखी एक शहाणपण केले: मुलाचे घर बदलले तरी, त्याच्या हिताचे असेल तोवर, शाळा तीच ठेवावी.

या शेवटच्या गोष्टीचे मोल मला गेल्या वर्षी कळले. दिवाळीच्या सुमारास छोटीची आई बरी झाली. तिने शहराच्या दुसऱ्या टोकाला एक खोली घेतली आणि मुलीला न्यायला आली. त्या दिवशी काकूंनी करंज्यांचा डबा बांधून दिला, आईला हळद-कुंकू लावले आणि दार लावून घेतले. तासभर ते कुणी वाजवले नाही.

बालवाडीचे काय करायचे हा प्रश्न उरला. खोलीजवळ दुसरी बालवाडी होती, दोन मिनिटांच्या अंतरावर. व्यवहार तेच सांगत होता. पण ताईंनी आईला बसवून समजावले, "आई मिळाली, आजी सुटली. एका दमात ताईही सोडायला लावू नका. एप्रिलपर्यंत तरी इथंच येऊ दे." आईने ऐकले. सकाळी कामावर जाताना ती दोन बस बदलून छोटीला सोडी, दुपारी काकू तिला घरी आणीत आणि संध्याकाळी आई घेऊन जाई.

आणि पहिल्याच दिवशी दप्तर पुन्हा पाठीवर! गाण्यांना पाठीवर, डब्याला पाठीवर, तोंड दाराकडे. मी हबकलोच. दीड वर्षाची कमाई पाण्यात गेली असे मला वाटले. ताई मात्र शांत होत्या. "आधी गाणी, मग डबा, मग वाळू, मग आजी. आणि मग आई," असे त्यांनी बोटांवर मोजले, यादीत एक बोट वाढले होते. जूनमध्ये पाठीवर चढलेले दप्तर उतरायला ऑगस्ट उजाडला होता. या खेपेला ते पाचव्या दिवशी छत्रीच्या खुंटीवर गेले.

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी असे मूल येईल असे नाही. परंतु आपल्या मुलांच्या वर्गात, आपल्या जिन्यात ते येऊ शकते. अशा वेळी "तुझी खरी आई कुठंय?" असे आपण विचारू नये आणि आपल्या मुलांनाही विचारू देऊ नये. आपण शाळेच्या एखाद्या समितीवर असू, तर 'माझे कुटुंब'च्या तक्त्याऐवजी 'माझ्या घरातली माणसे' असा तक्ता सुचवावा. त्यात आजी, काका, मावशी, मांजर सगळी मावतात. आणि घर बदलले म्हणून शाळा बदलण्याचा विषय निघाला, तर ने-आण करायला दोन-तीन सकाळी आपण देऊ शकतो का, ते पाहावे. मी दिल्या, तेव्हा त्या उपकारासारख्या वाटत होत्या. आता हिशोब करताना देणे माझ्याकडेच निघते.

जानेवारीत एके रात्री नऊच्या सुमारास काकूंकडे फोन वाजला. छोटीची आई घाबरलेली होती. "मावशी, पोरीनं दप्तर कुठं टाकलं? तुमच्याकडं राहिलं का?" काकूंनी घर पालथे घातले. दप्तर नव्हते. मग पलीकडे छोटीला विचारणे झाले आणि तिचा झोपाळू आवाज फोनवरून काकूंना ऐकू आला: "बालवाडीत राहिलं. असू दे ना. उद्या जायचंच आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी काका आमच्या दारात पेढ्यांचा पुडा घेऊन उभे. हिने विचारले, "कसले पेढे, काका? कोण पास झालं?"

"अहो, पोरगी काल दप्तर विसरली!" काका म्हणाले आणि दोन पेढे हिच्या हातावर ठेवून वरच्या मजल्याकडे निघाले.